बर्फ घटलं की उपग्रह बदलला?

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी आर्क्टिकच्या समुद्री बर्फाची मासिक आकडेवारी उतरवून घेतली. त्यात ‘विस्तार’ आणि ‘क्षेत्रफळ’ असे दोन रकाने आहेत. क्षेत्रफळाच्या आलेखात 1987 आणि 2008 साली एकदम उडी दिसते, विस्ताराच्या नाही. एक्सेलमध्ये माझं काही चुकलंय का?
— विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : नाही, एक्सेल बरोबर आहे. उडी बर्फाने मारलेली नाही, उपग्रह बदलल्यामुळे आलेली आहे. सूक्ष्मलहरी टिपणारे हे उपग्रह नेमके ध्रुवावरून जात नाहीत, म्हणून ध्रुवाभोवती एक गोल तुकडा न मोजलेला राहतो. 1978 ते 1987च्या उपकरणात हे भोक 11.9 लाख चौ. किमीचं होतं, पुढच्या उपकरणांत 3.1 लाखांचं आणि 2008पासून जेमतेम 29 हजारांचं. विस्तार काढताना भोक बर्फाने भरलेलं आहे असं धरतात. क्षेत्रफळात ते सरळ वगळतात. भोक लहान झालं, की क्षेत्रफळ आपोआप वाढलं! दक्षिणेला ही भानगड नाही, कारण तिथे ध्रुवावर जमीनच आहे.

दोन्ही रकान्यांतला फरकही पक्का करून घ्या. जाळीच्या 25 बाय 25 किमीच्या चौकोनात 15 टक्के किंवा जास्त बर्फ असेल, तर विस्तारात पूर्ण चौकोन धरला जातो, क्षेत्रफळात मात्र फक्त बर्फाचा वाटा. म्हणजे 40 टक्के बर्फाचा चौकोन विस्तारात 625 चौ. किमी आणि क्षेत्रफळात 250 भरतो. उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची तळी साचतात आणि उपग्रहाला ती उघडा समुद्र वाटतात. त्यामुळे क्षेत्रफळ खोटं कमी येतं, विस्तार मात्र बराच सावरतो. दीर्घकालीन कल काढायचा असेल तर विस्तारच घ्या.

आणखी एक खड्डा आहे. डिसेंबर 1987 आणि जानेवारी 1988चे काही आठवडे मोजणीच झालेली नाही. मासिक फाइलमध्ये तिथे उणे 9999 लिहिलेलं सापडेल. ते न काढता सरासरी घेतलीत तर प्रकल्पात बर्फ ऋण होईल. 1978 ते 1987च्या पहिल्या उपकरणाची दैनिक नोंदही एक दिवसाआड आहे.

प्रश्न : हे बर्फ वितळून मरीन ड्राइव्हवर पाणी चढेल का?
— वाचक, मालाड

उत्तर : समुद्री बर्फामुळे जवळजवळ नाहीच. ते आधीपासून तरंगतं आहे, म्हणजे आपल्या वजनाइतकं पाणी त्याने बाजूला सारलेलंच आहे. पातळी वाढते ती ग्रीनलँड, अंटार्क्टिका आणि पर्वतांवरचं, म्हणजे जमिनीवरचं बर्फ वितळल्यामुळे आणि तापलेलं पाणी प्रसरण पावल्यामुळे.

प्रश्न : बर्फाची जाडी आकाशातून कशी कळते?
— निवृत्त अभियंता, दादर

उत्तर : जाडी थेट मोजत नाहीत. पाण्याच्या वर किती बर्फ डोकावतं ते मोजतात आणि उरलेलं तरंगण्याच्या नियमाने काढतात. बर्फाची घनता घनमीटरला 915 किलो आणि खाऱ्या पाण्याची 1025 धरली, तर एक मीटर जाड बर्फाचं जेमतेम 10.7 सेंटिमीटर पाण्याबाहेर राहतं. म्हणजे उंचीत एका सेंटिमीटरची चूक झाली की जाडीत नऊ सेंटिमीटरचा घोळ.

खरी डोकेदुखी वर पडलेल्या हिमाची आहे. 2018पासूनच्या नासाच्या आइससॅट-2 उपग्रहाचा लेसर हिमाच्या वरच्या पृष्ठावरून परततो. समजा त्याने 40 सेंटिमीटर उंची दिली. वरचं हिम 25 सेंटिमीटर आणि त्याची घनता 320 धरली, तर जाडी सुमारे 2.13 मीटर येते. हिम 20 सेंटिमीटरच असेल, तर तीच 2.45 मीटर! युरोपच्या क्रायोसॅट-2 उपग्रहाचा रडार (2010पासून) हिम भेदून बर्फापर्यंत जातो असं धरतात, पण हिम ओलं किंवा खारट असलं की तो आधीच अडतो. इस्रो आणि फ्रान्सच्या सरल उपग्रहाची (2013) रडारलहर त्याहून आखूड, म्हणून ती हिमात कमी शिरते. दोघांनी मोजलेल्या उंचीतल्या फरकावरून हिमाची जाडी काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. आमच्या मते हाच मार्ग सर्वांत आशादायक आहे.

प्रश्न : मुंबईची भरती-ओहोटी वर्षभर आधी छापून मिळते, मग सप्टेंबरच्या बर्फाचा अंदाज मे महिन्यात का चुकतो?
— वाचक, मुलुंड

उत्तर : भरती चंद्र-सूर्याच्या ठरलेल्या फेऱ्यांवर चालते. बर्फाचं भवितव्य उन्हाळ्यातल्या वाऱ्यांवर आणि ढगांवर ठरतं, आणि हवामान दोन आठवड्यांपलीकडे नीट सांगता येत नाही. ऑगस्ट 2012मध्ये आर्क्टिकवरून एक मोठं वादळ गेलं. सप्टेंबरात बर्फ वर्षातलं सर्वांत कमी असतं; त्या सप्टेंबरचा विस्ताराचा 33.9 लाख चौ. किमीचा दैनिक नीचांक बहुतेक अंदाजांच्या खाली गेला. पुढच्याच वर्षी बर्फ 50 लाखांच्या वर राहिलं आणि अंदाज उलट्या बाजूने फसले.

मे महिन्याच्या आधी केलेल्या अंदाजांची पकड विशेष कमजोर असते. मेअखेर तळी साचू लागली की काळसर पृष्ठ जास्त ऊन शोषतं, म्हणून मे-जूनमधली तळी आणि त्या वेळची जाडी मिळाली की अंदाज सुधारतो. विलेपार्ल्याच्या विद्यार्थिनीलाही हे उपयोगी पडेल : स्वतःचं सूत्र बनवलंत, तर 2005पर्यंतच्या आकड्यांवर ते बसवा आणि 2006पासून दरवर्षीचा अंदाज, सूत्राला त्या वर्षाचा आकडा न दाखवता, काढून बघा. नुसती सरळ कलरेषा वाढवून येणाऱ्या अंदाजापेक्षा चूक कमी आली नाही, तर सूत्र टाकून द्या.