विंगेतून : कंडक्टरची नव्वद पानं

(एकपात्री प्रयोगांबद्दल आलेली चार पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : ताई, मी एस.टी.चा निवृत्त कंडक्टर. बहुतेक नोकरी कराड-चिपळूण मार्गावर झाली. माझे किस्से ऐकून कट्ट्यावरची मंडळी पोट धरून हसतात, म्हणून स्वतःच्या आयुष्यावर विनोदी एकपात्री लिहायला घेतलं. जन्मापासून निवृत्तीपर्यंत नव्वद पानं झालीत, ती सोबत पाठवतोय. दोन तासांत कशी बसवू? – एक वाचक, कराड

उत्तर : भाऊ, सगळी पानं वाचली. पहिल्या तीसेक पानांत तुमचा जन्म, शाळा, नोकरीची खटपट आणि लग्न आहे, आणि खरं सांगायचं तर तिथं हसू येत नाही. पुढं कुठंतरी दोन ओळी सापडल्या : पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दरड आली, गाडी अडकली, आत लग्नाला निघालेलं वऱ्हाड, आणि नवरदेवाचा मामा अर्ध्या तिकिटावरून तुमच्याशी हुज्जत घालतोय. दोनच ओळी! अहो, तुमचा प्रयोग तिथंच आहे. गाडी घाटात अडकवून ठेवा आणि बाकीचं आयुष्य एकेक करून तिच्यात चढू द्या. सासरे, डेपो मॅनेजर, उंब्रजची म्हातारी, सगळे. जो चढत नाही त्याला खाली ठेवा, मग तो सख्खा भाऊ का असेना.

अमेरिकेतल्या बिली क्रिस्टल या विनोदी नटाचं ‘७०० संडेज’ याच जातीचं आहे. त्याचे वडील दोन-दोन नोकऱ्या करायचे, घरी असायचे ते फक्त रविवारी. मुलगा पंधरा वर्षांचा असताना, १९६३ मध्ये, ते गेले. बापलेकाच्या वाट्याला आलेल्या रविवारांचा अंदाज म्हणजे सातशे. सिनेमातलं एवढं नाव गाठीशी असताना त्यानं प्रयोग बांधला तो या एका हिशोबावर. नेपथ्य म्हणजे त्याच्या लहानपणच्या घराचा दर्शनी भाग. त्याच्या खिडक्यांमध्ये घरच्या जुन्या फिल्मा दिसतात, आणि आजी, काका, आई सगळे तो एकटाच उभे करतो. २००४ च्या डिसेंबरमध्ये हा प्रयोग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आला, पुढच्या वर्षी त्याला तिथला नाटकांचा टोनी पुरस्कार मिळाला, आणि २०१३ मध्ये त्यानंच तो पुन्हा ब्रॉडवेवर केला.

आता कट्ट्याचं. तिथले श्रोते त्या मामाला ओळखतात. तुम्ही नुसतं ‘मामा’ म्हटलं की त्यांचं निम्मं काम झालेलं असतं. नाट्यगृहात बसलेल्या परक्या माणसाला मामा दिसायला हवा. वऱ्हाड म्हटलं की लक्ष्मण देशपांडे आठवणारच : ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ते एकटे बावन्न पात्रं करायचे. तुम्ही सहा करा, पण प्रत्येकाची जागा पक्की हवी. ड्रायव्हर उजवीकडं, म्हातारी खाली डावीकडं, मामा तुमच्याहून वीतभर उंच. नजर त्या-त्या ठिकाणी गेली की माणूस उभा राहतो. फेटे-टोप्या बदलत बसू नका. हातात तिकिटाचा चिमटा पुरे. तो पेटीवर टकटक वाजवला की गाडी भरलेली आहे हे पोराटोरालाही कळतं. शिवाय डबल बेलचा आवाज तोंडानंच काढा, ध्वनिमुद्रित नको. तालमीत एक घड्याळ आणि एक अनोळखी माणूस समोर ठेवा. बायकोला बसवू नका, ती किस्सा सुरू व्हायच्या आधीच उठून जाईल.

प्रश्न : माझा भाऊ स्वतःच्या आयुष्यावर एकपात्री करतोय. त्यात आमच्या वडिलांची दारू आणि त्यांची फजिती आहे. वडील हयात आहेत. नावं बदलून चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : बाळ, नाव बदलून मुंबईत चालेल. सांगलीत गावभागातला प्रेक्षक दुसऱ्या वाक्याला ओळखतो आणि मध्यंतरात तुमच्या आईला विचारतो. आधी संहिता वडिलांना वाचून दाखवा. भावानंच वाचावी, तुम्ही नाही. ते ज्या जागी गप्प होतील ती जागा काढून टाका. आणि भावाला विचारा, या सगळ्यात त्याची स्वतःची फजिती कुठं आहे? तुम्ही पाठवलेल्या प्रवेशात बाप पडतो, आई रडते, काका खोटं बोलतात आणि हा एकटा शहाणा. प्रेक्षक अशा शहाण्यावर लवकर रुसतो. आत्मकथनाच्या विनोदात पहिला मार ‘मी’नं खायचा असतो, मग इतरांना चिमटे काढायची मुभा मिळते.

प्रश्न : प्रयोगाला कुठली परवानगी लागते? पहिलाच प्रयोग शाहू कला मंदिरात करावा असं मनात आहे. – एक वाचक, सातारा

उत्तर : तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र घ्या. माणूस एकटा असला तरी ते नाटकच. सिनेमातली गाणी वाजवणार असाल तर त्यांच्या हक्कांचं वेगळं बघावं लागेल. त्यापेक्षा स्वतःचीच एखादी चाल गुणगुणा. पहिल्या प्रयोगाला मोठं नाट्यगृह मात्र नको. शंभर माणसं तिथं विखरून बसतात आणि विखुरलेली माणसं हसायला लाजतात. वाचनालयाचा हॉल किंवा एखाद्या सोसायटीचा गणपती घ्या, माणसं खांद्याला खांदा लावून बसवा. हशा कुठं येतो, कुठं येईल असं वाटून येत नाही, याच्या खुणा संहितेत करा. चार-पाच ठिकाणी असं झालं की मग शाहू कला मंदिराची तारीख मागा.

प्रश्न : दुसऱ्याचं एकपात्री आपण करावं का? आणि मध्यंतर हवं की नको? – एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी असेल तर जरूर करा. देशपांड्यांच्या पश्चात ‘वऱ्हाड’ संदीप पाठक करतातच. पण तिथं माणसं कल्पित आहेत. ‘माझा बाप’ म्हणून दुसऱ्याचा बाप उभा करणं वीस-बावीस वर्षांच्या नटाला फार जड जातं, म्हणून सुरुवात कल्पित ‘मी’नं करा.

मध्यंतर ठेवा. चहा-वड्यासाठी नाही, जरी सांगली-मिरजेत तेही कारण पुरेसं असलं तरी. क्रिस्टलच्या प्रयोगात पहिला अंक घरच्या गमतीजमतींचा आहे आणि वडिलांचं जाणं दुसऱ्या अंकात येतं. तुमच्याकडं असं काही जड असेल तर ते मध्यंतरानंतर ठेवा, आणि मध्यंतराचा पडदा पडण्याआधीचा हशा सगळ्यांत मोठा हवा. जड काहीच नसेल तर सव्वा तासात आटपा, मध्यंतर गाळा आणि तिकीट पन्नास रुपयांनी कमी लावा.