बार्शी लाईट रेल्वे कुणी बांधली, ती शकुंतलेसारखीच खासगी होती का, आणि तिच्यामुळे गावांचं काय झालं?

खासगी होती, पण शकुंतलेसारखी नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतला रेल्वेची मालकी स्वातंत्र्यानंतरही कंपनीकडेच राहिली आणि तो घोळ अनेक दशकं चालला. बार्शी लाईटची कंपनी लंडनची, पण १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने ती विकत घेतली आणि मध्य रेल्वेत घातली. या दोन गाड्यांच्या गोष्टी नेटवर सर्रास एकमेकींत मिसळतात.

आधी बार्शीच का, ते सांगतो. मुंबई-सोलापूर मोठी लाईन टाकताना ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने बार्शी बाजूला सोडली. सर्वांत जवळचं स्टेशन म्हणजे ३५ किलोमीटरवरचं कुर्डुवाडी, आणि त्याचं तेव्हाचं नावही 'बार्शी रोड'. बार्शी मुंबई इलाख्यात, पण पलीकडे लगेच निजामाचा मुलूख. बालाघाटावरचा कापूस आणि गळिताची धान्यं बैलगाड्यांनी बार्शीच्या पेठेत उतरायची आणि पुन्हा बैलगाड्यांनीच स्टेशनापर्यंत जायची. म्हणजे माल तयार, गिऱ्हाईक तयार, मधला ३५ किलोमीटरचा तुकडा तेवढा अडचणीचा.

हे हेरणारा माणूस एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. जीआयपीत नोकरी केलेला इंग्रज इंजिनिअर. वर्षानुवर्षं पाठपुरावा करून १८९५ साली त्याने बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत रस आहे तो त्याच्या हिशेबात. छोटी रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची गरीब नक्कल, असं तेव्हा बहुतेक इंजिनिअर समजत. कॅल्थ्रॉपने उलट्या बाजूने सुरुवात केली. रूळ आधी ठरवला, तोही हलका, यार्डाला ३० पौंडांचा. मग म्हणाला, इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. सगळीकडे वजन सारखं वाटलं तर हलका रूळ पुरतो, पूल हलके होतात आणि खर्च आवाक्यात राहतो. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना म्हणूनच चालवणारी चाकं आठ होती, वजन चार आसांवर पसरावं म्हणून. मालडबे पंचवीस फूट लांब, पत्र्याच्या दाबीव चौकटीचे, त्यामुळे स्वतः हलके आणि माल भरपूर घेणारे. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, मोठ्या लाईनच्या निम्म्याहून कमी.

भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून ही गाडी लोकांना चालवून दाखवली होती. नंतर इंग्लंडमध्ये १९०४ साली लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे बांधताना कॅल्थ्रॉपने बार्शीचाच अनुभव वापरला. आपल्याकडे विलायतेची नक्कल झाल्याची उदाहरणं ढीगभर सापडतील. बार्शीची नक्कल विलायतेत झाली, हे मात्र बार्शीकरांनाही फारसं माहीत नसतं. (याच गृहस्थाने पुढे 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं आणि ते पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं. डोकं एका जागी बसणारं नव्हतं.)

पुढचा विस्तार भराभर सांगतो. १९०६ ला पंढरपूर, १९०७ ला तडवळे, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. कॅल्थ्रॉप वारला तोही १९२७ मध्येच. एकूण लांबी ३२५ किलोमीटरच्या आसपास.

आता गावांचं. कुर्डुवाडी हे गाव या रेल्वेने घडवलं म्हटलं तरी चालेल. दोन लाईनींचे रूळ वेगळे, त्यामुळे एकीचा डबा दुसरीवर जाणं शक्यच नाही. प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून इकडून तिकडे. त्यातून हमालांची वस्ती, गोदामं, पुढे रेल्वेचा कारखाना. पंढरपूरला आगगाडीने येणारे वारकरी पूर्वी बार्शी रोडला उतरून उरलेले पन्नासेक किलोमीटर बैलगाडीने नाहीतर पायी जात. १९०६ नंतर ते थेट पंढरपुरात उतरू लागले. लातूरला गाडी पोहोचली आणि निजामाच्या मुलखातल्या या पेठेचा माल थेट मुंबईच्या वाटेला लागला. लातूरच्या गोलाकार बाजारपेठेची, गंजगोलाईची, आखणी रेल्वे आल्यानंतरची आहे, हे लक्षात घ्या.

आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव? जिल्ह्याचं गाव असूनही गाडी त्याला टाळून येडशीवरून गेली. वीसेक किलोमीटरवरची येडशी हेच त्यांचं स्टेशन. लातूर मोठं का झालं आणि उस्मानाबाद मागे का राहिलं, याचं खापर लोक पुढाऱ्यांवर फोडतात. ते असेलही, पण माझ्या मते हिशेब १९११ पासून मांडायला हवा.

कामगारांची बाजू सहसा कुणी सांगत नाही, म्हणून थोडं थांबतो. सरकार रेल्वे ताब्यात घेणार हे ठरल्यावर कंपनीने नोव्हेंबर १९५३ मध्ये सगळ्या नोकरांना नोटीस दिली, १ जानेवारीपासून सेवा संपली म्हणून. बहुतेकांना सरकारने पुन्हा कामावर घेतलं, पण युनियनचं म्हणणं होतं की ही कपातच आहे आणि कायद्याप्रमाणे कपातीची भरपाई कंपनीने दिली पाहिजे. युनियनचे अध्यक्ष के. एन. जोगळेकर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये निकाल कामगारांच्या विरोधात लागला: चालू धंद्यात माणसं जास्त झाली म्हणून काढली तर ती कपात, धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती कपात नव्हे. त्यानंतर १९५७ मध्ये संसदेने औद्योगिक विवाद कायदा दुरुस्त केला आणि धंदा बंद होताना किंवा हस्तांतरित होताना कामगाराला भरपाईचा हक्क दिला, काही अटींसह. या हक्काची कलमं, २५ एफएफ आणि २५ एफएफएफ, कामगार कायदा शिकणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षं पाठ असायची. त्यामागे बार्शी लाईटचे कामगारही उभे आहेत, हे त्यांना सांगायला हवं.

माझं आजोळ बार्शीचं, त्यामुळे 'चालत्या गाडीतून उतरायचं, बोरं तोडायची आणि परत चढायचं' हे किस्से मीही ऐकलेत. देशातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल हाच किस्सा सांगतात, तेव्हा मी तो पुरावा म्हणून धरत नाही. गाडी हळू होती एवढं खरं. एसटी आणि ट्रक वाढल्यावर तेच तिच्या मुळावर आलं.

रुंदीकरण तुकड्यातुकड्यांनी झालं. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी, लातूरची बाजू २००७-०८ मध्ये, पंढरपूर-मिरज त्यानंतर. लातूरकडच्या कामात मार्गही बदलला आणि उस्मानाबाद शहराला अखेर स्टेशन मिळालं. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी आली, ती पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी याच वाटेने. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. जुनी अडीच फुटी लाईन असती तर मिरजेत मोठ्या लाईनवर उभ्या असलेल्या त्या वाघिणी तिथून हलल्याच नसत्या.