जुन्या पिकपचं इंजिन मिसिंग करतंय, पंप उतरवायच्या आधी काय बघायचं?

दादा, तुम्ही लिहिलंय की २००८ ची बोलेरो पिकप आहे, जुनं डीआय इंजिन, सकाळी स्टार्ट केली की थरथरते, पांढरा धूर काढते, स्लोवर मिसिंग करते आणि माल भरून तुळजापूरचा घाट चढताना दम सोडते, अन् मिस्त्री म्हणतोय डिझेल पंप उतरवा. माझं ऐका, पंपाला आत्ता हात लावू देऊ नका. आधी चारपैकी कितवा सिलिंडर काम करत नाय ते शोधा, ते कळायच्या आधी जे काय बदलाल ते सगळं अंदाजपंचे.

आणि मोबाईलवर मिसफायरचे व्हिडिओ बघितले असतील तर त्यातले बरेच पेट्रोल गाडीचे असतात, प्लग बदला, कॉइल बदला. तुमच्या डिझेलला ते नसतंच. इथं तीनच गोष्टी बघायच्या, डिझेल नीट पोचतंय का, नोझल नीट फवारतंय का आणि कॉम्प्रेशन आहे का, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जातेय का.

सुरुवात फिल्टरपासून करा. फिल्टरच्या खालचा ड्रेन सोडून थोडं डिझेल बाटलीत घ्या, पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. ड्रममधून डिझेल भरणाऱ्यांच्या गाड्यांत हे बघायलाच पाहिजे. मग हवा. रात्रभर उभी राहून सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडते आणि डिझेल चढवायचा हँडपंप मारला की सुधारते, असं असेल तर लाइननं हवा धरलीय. बाहेर कुठं डिझेल गळत नाय म्हणजे लाइन चांगली असं समजू नका, टाकीपासून फीड पंपापर्यंत, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंत, डिझेल ओढलं जातं, तिथं चीर असली तर हवा आत जाते पण थेंब बाहेर येत नाय. आपल्या सोलापूरच्या उन्हात रबरी पाइप कडक होऊन क्लिपपाशी चिरतात, तिथं वाकवून बघा. नाहीच सापडलं तर त्या पाइपाच्या जागी थोडा वेळ पारदर्शक पाइप लावा, हवेचे बुडबुडे डोळ्यानं दिसतात.

एवढं करूनही मिसिंग राहिलं तर आता खरी टेस्ट. गाडी स्लोवर चालू ठेवा आणि नोझलकडं येणाऱ्या लोखंडी पाइपाचा नट एकेक करून थोडा ढिला करा, मग परत आवळा. चांगल्या सिलिंडरचा नट सोडला की इंजिन लगेच बसतं, आवाज बदलतो. ज्याचा सोडून काहीच फरक पडत नाय तो मेलेला, रेडिएटरच्या बाजूनं मोजत कितवा ते लक्षात ठेवा. नटावर फडकं ठेवा, चष्मा घाला, फवाऱ्यासमोर हात धरू नका कारण ते डिझेल कातडीत घुसतं, आणि गरम सायलेन्सर पाइपावर उडू देऊ नका. ही टेस्ट फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर करायची, कॉमन रेल म्हणजे नव्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल गाडीत प्रेशर हजार बारच्या वर जातं, तिथं चालू गाडीत नट सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

सिलिंडर कळला की त्याचं नोझल शेजारच्यात टाका आणि शेजारचं याच्यात. मिसिंग नोझलबरोबर सरकलं तर नोझल खराब, टेस्टरवर नेऊन बघून घ्या, अक्कलकोट रोडला न्या नायतर कुठंही, पण समोर उभं राहून फवारा बघा, थेंब थेंब गळत असेल तर गेलं. बसवताना खालचा तांब्याचा वायसर नवाच घाला आणि जुना भोकात तळाशी चिकटून राहिला नाय ना ते बॅटरी मारून बघा, हे बरेच जण विसरतात, मग दोन वायसरवर नोझल बसतं, वर येतं, आणि नवीन नोझल टाकूनसुद्धा गाडी नीट चालत नाय. नोझलभोवती काळं डांबरासारखं साचलंय आणि च्यूफ च्यूफ आवाज येतोय तर वायसरच लीक आहे.

मिसिंग त्याच सिलिंडरमध्ये राहिलं तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्ववरची फट, चेक करा, ती फट राहिली नाय, व्हॉल्व घट्ट झाला की कॉम्प्रेशन निसटतं, आणि टॅपेट ठीक असले तर मग कॉम्प्रेशन मीटर लावायचं. रेडिएटरचं पाणी कमी होतंय, चालू गाडीत बुडबुडे येतायत तर हेड गॅस्केटकडं संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, ते वेगळंच काम आहे.

आता पंप. तुमच्या पंपाचे चार पाइप मागं गोलात निघत असतील तर तो रोटरी, त्यात एकच प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दांडा, चारी सिलिंडरला डिझेल देतो, त्यामुळं एकटा सिलिंडर मेला तर दोष बहुतेक पंपाचा नसतो. पाइप एका रांगेत असतील तर तो इनलाइन, प्रत्येकाचा प्लंजर वेगळा, तिथं एका सिलिंडरसाठी पंप दोषी असू शकतो. हे मिस्त्रीला विचारा. चांगला मिस्त्री असेल तर कितवा सिलिंडर आणि का, ते सांगेलच.