रेड कंट्रोलर बदलायचाय, सर्व्हरचा बॅकअप आणि रिस्टोर कसा करावा? व्हेंडर म्हणतो गरज नाही, डिस्क जशाच्या तशा चालतील

व्हेंडरचं ते वाक्य वाचलं आणि ताट बाजूला सारून टाईप करायला बसलो. अगदी हेच वाक्य मी २०१४ ला भोसरीत ऐकलंय, शब्द न शब्द.

भोसरी एमआयडीसीत एका टूलरूमला मी सिस्टिम बघायचो. सिस्टिम म्हणजे सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरे आणि साहेबांच्या मुलीचा लॅपटॉपसुद्धा. सर्व्हरला १ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (चारही मिळून एकच मोठी डिस्क दिसते, एक मेली तरी डेटा राहतो), वर सेंटओएस ६ हे लिनक्स. सगळी ड्रॉइंग सांबावर, म्हणजे नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमधे, आणि टॅली एका एक्सपीच्या व्हर्च्युअल मशीनमधे, त्याची ६० जीबीची एकच एक फाईल. एक दिवस कंट्रोलर कार्डाची, म्हणजे या चार डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाची, बॅटरी फुगली. बॅटरी गेली की कार्ड राईट-बॅक (लिहायचं ते आधी स्वतःच्या कॅश मेमरीत ठेवून घेणं) सोडून राईट-थ्रूवर येतं, म्हणजे जे काही लिहायचं ते डिस्कवर उतरेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, आणि रेड ५ असेल तर ते चांगलंच जाणवतं. अकाउंटच्या ताई व्हाउचर सेव्ह करून पाणी पिऊन यायच्या. बास, एवढाच प्रॉब्लेम होता. कार्ड मेलं नव्हतं, डेटा सगळा समोर दिसत होता. पण व्हेंडर म्हणाला या मॉडेलची बॅटरी आता मिळत नाही, नवीन कार्ड टाका.

मी साहेबांना म्हणलं, टाकूया, पण आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून टॅली उघडून बघू. साहेब म्हणाले, "रोज मेल येतो ना बॅकअप झाला म्हणून? मग परत काय बघायचंय?" मेल यायचा हे खरंय, रोज रात्री १ वाजता. म्हणलं माझं घरचं मशीन आणतो, खर्च शून्य. तर हसले, "एक बॅटरी फुगली तर तू घरदार उचलून आणायला निघालास." मी गप्प बसलो. तिथं गप्प बसायला नको होतं.

गुरुवार ठरला. गुरुवारी आमच्याकडे शॉप बंद आणि लाईटही नसते, त्यामुळे जनरेटरवर हे काम उरकून घ्यायचं. व्हेंडरनं एक पोरगा पाठवला, बरोबर वेगळ्याच कंपनीचं कार्ड. त्यानं चारही डिस्क काढून टेबलावर ठेवल्या, कुठली कितवी होती हे कुठंच लिहिलं नाही, कार्ड बदललं, डिस्क परत घातल्या आणि चालू केलं तर चारही अनकॉन्फिगर्ड. दिसणारच. रेडची मांडणी, म्हणजे कुठली डिस्क कितवी, स्ट्राईप (डिस्कांवर वाटलेला डेटाचा तुकडा) केवढा, हे प्रत्येक कंपनीचं कार्ड आपल्या पद्धतीनं डिस्कवर लिहून ठेवतं. एकानं मोडीत लिहिलंय आणि दुसऱ्याला फक्त बाळबोध येतं, असा प्रकार. तिथंच थांबून जुनं कार्ड परत लावलं असतं तर पंधरा मिनिटांत सर्व्हर उभा राहिला असता. पण पोरानं नवीन ॲरे, म्हणजे डिस्कांचा नवा गट, बनवला, इनिशिअलाइज (पुसून कोरा) करू का विचारल्यावर येस दाबलं. मी तेव्हा खाली जनरेटरचं डिझेल बघत होतो. वर आलो तर हा खुशीत, "सर झालं, डिस्क दिसायला लागली."

दिसत होती, रिकामी.

ठीके, म्हणलं बॅकअप आहे. ओएस परत टाकली, बॅकअपची यूएसबी डिस्क लावली. यूएसबी २, सेकंदाला ३० एमबी, ६०० जीबीला साडेपाच तास. ड्रॉइंग सगळी आली. रात्री साडेदहाला टॅलीचं मशीन चालू केलं, बूटच होईना. फाईल तर होती, नाव बरोबर, तारीख आदल्या रात्रीची, फक्त साईझ ४,२९,४९,६७,२९५ बाईट. मला वाटलं कॉपी अर्धवट झाली असेल. मग बाकीच्या मोठ्या फायली बघितल्या तर सगळ्यांची साईझ तीच, शेवटच्या आकड्यापर्यंत. तेव्हा ट्यूब पेटली. ती डिस्क काही महिन्यांपूर्वी कॅमेरावाल्यानं फुटेज काढायला नेली होती, डीव्हीआरनं (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरनं) ती फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट करून टाकली, आणि फॅट३२ वर एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. रोज रात्री कॉपी तिथंच तुटत होती आणि रोज रात्री मेल येत होता, बॅकअप झाला.

मग मी रात्री ॲक्टिव्हावर पायांच्या मधे घरचं कॅबिनेट ठेवून चिंचवडहून परत भोसरी. त्यावर टॅली टाकली. अकाउंटच्या ताईंच्या पर्समधे पेन ड्राईव्ह होता, दर शनिवारी त्या स्वतःचा टॅली बॅकअप घ्यायच्या, कुणी सांगितलेलं नव्हतं. शनिवारनंतरची व्हाउचरं कागदांवरून परत मारली. टॅलीच्या त्या जुन्या व्हर्च्युअल मशीनमधेच टूल स्टोअरचं रजिस्टर होतं, ते कायमचं गेलं.

साहेब अजून लोकांना सांगतात, "आमचा डेटा कार्डानं खाल्ला." कार्डानं काही खाल्लं नाही हो. अर्ध्या दिवसाची रिस्टोर टेस्ट वाचवली, ती पडली महागात.

तर तुमचं. बॅकअप फाईल लेव्हलचा घ्या आणि या सर्व्हरच्या बाहेर घ्या, त्याच ॲरेवर दुसऱ्या फोल्डरमधे घेतलेल्याला बॅकअप म्हणू नका. लिनक्स असेल तर आरसिंक ही कॉपीची कमांड, ओनर, परमिशन, एसीएल (कुणाला काय उघडता येतं त्याची यादी) सकट, आणि जिथं घेताय ती डिस्क ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस फॉरमॅटची. चालू डेटाबेसच्या फायली नुसत्या कॉपी करू नका, डंप काढा, म्हणजे डेटाबेसलाच सगळा डेटा एका फाईलमधे काढून द्यायला सांगा. चेकसमची (फाईलच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या आकड्यांची) यादी करून दोन्हीकडं जुळवा. गिगाबिट लॅनवर १ टीबीला तीन तास धरा, बारीक फायली लाखानं असतील तर दुप्पट-तिप्पट. मग तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करा, आणि जो माणूस रोज तो डेटा वापरतो त्याला समोर बसवून उघडायला सांगा, तुम्ही स्वतः उघडून बघू नका. बॉस म्हणेल दुसरं मशीन कुठनं आणू, तर भाड्यानं मिळतं म्हणावं, पुण्यात कॉम्प्युटर भाड्यानं देणारे कमी नाहीत. नाही म्हणाला तर मेलवर नाही म्हणायला लावा. मी तोंडी ऐकून घेतलं होतं.

नवीन कार्डावरून बूट करायचं असेल तर त्याचा ड्रायव्हर आधीच इनिटरॅमएफएसमधे (लिनक्स बूट होताना सगळ्यात आधी लोड होणाऱ्या फाईलमधे) घालून ठेवा, विंडोज असेल तर आधी ड्रायव्हर टाका, नाहीतर निळा स्क्रीन, ०x७बी, म्हणजे बूटची डिस्कच सापडत नाही. रिस्टोरचं विचाराल तर नवीन ॲरे, त्यावर ओएस, मग डेटा. त्यात विशेष काही नाही.

हां, तुमचा व्हेंडर अगदीच खोटं बोलत नाहीये. त्याच कंपनीचं, त्याच घराण्यातलं कार्ड असेल तर ते बहुतेक वेळा जुन्या डिस्क ओळखतं, स्क्रीनवर फॉरेन कॉन्फिगरेशन (दुसऱ्या कार्डानं लिहिलेली मांडणी) येतं, तिथं इम्पोर्ट करायचं. मी नंतर दोनदा केलंय, दोन्ही वेळा चाललं. पण त्याच स्क्रीनवर ती मांडणी पुसणारं क्लिअर पण असतं, आणि बॅकअपची गरज नाही म्हणणाऱ्या माणसाला मी त्या स्क्रीनसमोर बसू देणार नाही.

आणि सांगायचं राहिलं. तो मेल पाठवणारी स्क्रिप्ट माझीच होती. शेवटच्या ओळीत मेल, वर कॉपी झाली का फसली हे तपासलंच नव्हतं. साहेबांना हे आजपर्यंत सांगितलेलं नाही.

कार्ड काढायच्या आधी सर्व्हर नीट शटडाऊन करा, वायर ओढू नका, कॅशमधलं डिस्कवर उतरलेलं नसतं. जुन्या कार्डाच्या सेटिंगचे फोटो काढा. जुनं कार्ड व्हेंडरला लगेच देऊ नका, महिनाभर ड्रॉवरमधे राहू दे. आणि डिस्कवर स्लॉट नंबर मार्करनं लिहा, स्टिकर लावू नका, गरम होऊन आतमधे गळून पडतात.