दाराजवळ बसणारी लेकरं

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नववी-दहावीची सतरा लेकरं फादरांनी चर्चच्या धर्मशिक्षणासाठी तुझ्या हवाली केली आणि तीन रविवारांत त्यातली सहाच आली. आली तीही दाराजवळच्या सतरंजीवर, आपापल्या चपला नजरेत राहतील अशी बसली, आणि शेवटचं गीत सुरू होताच पसार. यांना हे सगळं आपलं वाटावं म्हणून काय शिकवू, असं तू विचारतेस.

शिकवायचं मागाहून बघू. आधी हजेरीच्या वहीत न येण्याची कारणं लिहून काढ. दिवाळीच्या पुढंमागं आपल्याकडं कापसाची वेचणी असते, शाळेला सुट्टी म्हणून रविवारी लेकरू रानात जातं. आईबाप ऊसतोडीला गेले असतील तर ते एक तर कारखान्याकडं गेलेलं असतं, नाही तर आजीजवळ राहून पाणी भरतं, शेरडं बघतं. राहिले दहावीचे क्लासवाले, त्यांनीही चाचण्या रविवारीच लावल्यात. देवावर रुसून घरी बसलेलं या यादीत एकही सापडायचं नाही. वर्ग संध्याकाळी कुणाच्या ओट्यावर घे. तो चर्चमध्येच भरला पाहिजे असं कुठं लिहिलंय?

आता माझी एक चूक सांगतो, ती तू करू नकोस. पंचवीसेक वर्षांमागं आमच्याकडं एक पोरगा ढोलकी वाजवायचा. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, प्रवेशगीतातच त्याचा ठेका सुटला. लोक हसले. पुढच्या नाताळला मी शहरातून कीबोर्डवाला आणला. गाणी झकास झाली, फादर खूश, मीही खूश. तो पोरगा त्या रात्री बाहेर थंडीत लोकांच्या मोटारसायकली लावून देत उभा होता. मला वाटलं, बरंय, कामात आहे. ईस्टरला तो तिथंही नव्हता. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा तो पुण्याला कंपनीत लागून चार वर्षं झाली होती. ढोलकी त्याच्याकडंच ठेवली असती तर आमचं गाणं थोडं बिघडलं असतं, एवढंच.

म्हणून लेकरांना काम दे, आणि ती आली नाहीत तर अडेल असं काम दे. मेणबत्त्या मोजणं, खुर्च्या उचलणं हे काम नव्हे, ती वेठ झाली. मिस्सातलं बायबलचं पहिलं वाचन दे, आणि आदल्या दिवशी दोनदा वाचून घे. विश्वासूंच्या प्रार्थना छापील पुस्तकातून वाचण्याऐवजी महिन्यातून एकदा त्यांनाच लिहायला लाव. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘माझ्या आईच्या पायाला फडात कोयता लागलाय, तिला मुकादमानं दोन दिवस बसू द्यावं.’ मी ते शुद्ध भाषेत करायला पेन उचललं होतं. नशीब, फादरांनी हात धरला. त्या रविवारी पुरुषांच्या बाजूनंसुद्धा उत्तर मोठ्यानं आलं.

दृढीकरणाचं, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराचं, तर विचारूच नकोस. महागुरुस्वामींबरोबर (बिशपांबरोबर) फोटो निघाला की आपली पोरं जी जातात ती थेट स्वतःच्या लग्नाच्या अर्जालाच उगवतात. तू तुझ्या मुलांना तो फोटो निघण्याआधीच काहीतरी सोपवून ठेव.

तुझा दुसरा प्रश्न अवघड आहे. शाळेत त्यांना ऐकावं लागतं, ‘तुमचे लोक धान्यासाठी बाटले.’ यावर चिडायला शिकवू नकोस आणि खोटंही बोलू नकोस. १८९९-१९०० सालचा दुष्काळ मराठवाड्यानं भोगलाय. त्या दिवसांत काही जण मिशनच्या दारात भुकेनंच आले असतील. माझा पणजोबा आला होता, आजी सांगायची. पण पुढं पाऊस पडला, ज्वारी पिकली, तरी तो परत गेला नाही. गावाबाहेरच्या माणसाला कुणी शेजारी बसवून घेतलं होतं, ते त्याला सोडवेना. घोगरगावसारख्या जुन्या मिशनांत फ्रान्सहून आलेल्या फ्रान्सलियन, म्हणजे संत फ्रान्सिस दि सेल्सच्या नावाच्या संघातल्या, फादरांनी काम केलं, तो काळ हाच. तुमच्या फादरांना विचारून मुलांना बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर दाखव. लॅटिनमधल्या नोंदीत आपल्या पणजीचं नाव बोटानं शोधताना लेकराचा चेहरा बघ. मग त्याला घरी पाठव, आजीला विचारून यायला.

कागदाचाही गुंता आहेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेरच आहेत. त्यामुळं काही घरांत दाखल्यावर एक नाव आणि चर्चच्या वहीत दुसरं. मुलं हे जाणून असतात आणि गप्प राहतात. त्यावर प्रवचन नको. लपवाछपवीचं ओझं पंधरा वर्षांच्या पोरावर घालायचं नाही, हा प्रश्न मोठ्यांचा आणि सरकारचा आहे, एवढं त्याला स्वच्छ सांग.

आणि ‘ख्रिश्चन असून तुझं मराठी चांगलंय’ असं कुणी म्हणालं, तर २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, ९३ वं साहित्य संमेलन झालं त्याची गोष्ट सांग. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांना विरोध झाला होता, हेही सांग.

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला त्यांना ने. वर्गात एकटं पडणारं लेकरू ती गर्दी बघून आठ दिवस वेगळंच चालतं. पण आठच दिवस, हे ध्यानात ठेव. कार्लो अक्युटिसचा फोटो लावायचा म्हणतेस, लाव. पंधराव्या वर्षी गेलेला, २०२५ मध्ये संत झालेला, जीन्स घातलेला पोरगा त्यांना आवडेल. फक्त तो मिलानचा, घरी कॉम्प्युटर असलेला होता. आपल्याकडं चौघांत एक मोबाईल, तोही बापाच्या खिशात.

मोबाईलवरून आठवलं. मुलांशी बोलायचं ते दार उघडं ठेवून, शक्यतो दुसरं मोठं माणूस आसपास असताना. रात्री कुणा एकट्याला मेसेज नको. त्यांनी विश्वासानं सांगितलेलं आईबापांना चहाबरोबर सांगायचं नाही. मात्र कुणी मारत असेल किंवा त्रास देत असेल तर त्याच दिवशी फादरांना, गरज पडली तर पोलिसांनाही कळवायचं.

त्या अकरा जणांच्या घरी या आठवड्यात जाऊन ये. धर्माचं काही बोलू नकोस, वेचणी चालू असेल तर दोन ओळी वेचू लाग. येत्या नाताळला ढोलकी कुणाकडं देतेस ते लिही. ठेका सुटला तर तेही लिही.

तुझे,
गुरुजी