छपराची वाकलेली कैची (ट्रस, म्हणजे छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा) दुरुस्त करून सही द्यायची, तर इंजिनिअरची जोखीम किती?

शेडचा मालक ‘दोन अँगल मारा आणि सर्टिफिकेट द्या’ म्हणत असेल, तर जोखीम बरीच आहे. तुमचं ड्रॉइंग लागलं की अख्ख्या कैचीबद्दल तुम्हालाच विचारतात, आधीच्याचा घोळ कोणी ऐकून घेत नाही. म्हणून ती का बसली हे कळेपर्यंत सही नको. नंतर चढवलेली सोलर पॅनेल, गंजलेली गसेट प्लेट (सांध्यावरची जोडपट्टी), डक्टच्या वाटेत येतो म्हणून कापलेला तिरपा मेंबर, म्हणजे कैचीतला दांडा (होय, कापतात!), सगळं बघा. वाऱ्याची उचलही आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे तपासा. हलक्या पत्र्याच्या छपरात तिच्यामुळे खालच्या कॉर्डमधला (कैचीच्या तळाच्या लांब मेंबरमधला) ताण दाबात बदलू शकतो, आणि बाजूचा आधार नसेल तर कॉर्ड आडवी वाकते.

खरा धोका दुरुस्ती चालू असताना. भार अंगावर असलेल्या मेंबरला वेल्डिंग केलं की तापलेलं पोलाद ढिलं पडतं. आधी टेकू, मग वेल्डिंग, आणि हा क्रम ड्रॉइंगवरच लिहा. हलगर्जीपणाने कोणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्यावसायिक विमा जरूर घ्या, पण तो भरपाईपुरता. कोणत्या कैच्या तपासल्या नाहीत, तेही पत्रात नोंदवा.