पिवळी चरबी म्हणजे मांस जुने आहे का?

मेलबर्नमध्ये ‘ग्रास-फेड’ (गवतावर पोसलेल्या जनावराचे) म्हणून घेतलेल्या बीफची चरबी पिवळसर निघाली, तर ते मांस जुने समजावे का आणि ते लवकर खवट होते का, असे तुम्ही विचारले आहे. मी मांसप्रक्रिया उद्योगात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. केवळ पिवळेपणावरून मांस जुने ठरत नाही. हिरव्या गवतातले सगळे बीटा कॅरोटीन (पिवळे-नारिंगी रंगद्रव्य) गाय-बैलांच्या शरीरात जीवनसत्त्व ‘अ’मध्ये बदलत नाही आणि उरलेले चरबीत साठते, गायीचे तूप पिवळे आणि म्हशीचे पांढरे दिसते, त्याचेही कारण हेच: म्हशीच्या शरीरात ते जवळपास सगळे बदलले जाते. वयस्क जनावरांत आणि जर्सीसारख्या जातींत हा रंग अधिक गडद असतो, तर मका-बार्लीवर पोसलेल्यांची चरबी पांढरी राहते.

खवटपणाचे गणित थोडे गुंतागुंतीचे आहे. चाऱ्यातली बहुतेक असंपृक्त मेदाम्ले (चरबीचे मऊ, लवकर बिघडणारे घटक) कोठीपोटातले, म्हणजे जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव संपृक्त, म्हणजे घट्ट व टिकाऊ, करून टाकतात, तरीही गवतावरच्या जनावराच्या चरबीत ओमेगा-३ मेदाम्ले धान्यावरच्यापेक्षा जास्त उतरतात, आणि नेमकी हीच हवेतल्या ऑक्सिजनने लवकर बिघडतात. म्हणजे ही चरबी आधी खवट व्हायला हवी. पण त्याच गवतातून जीवनसत्त्व ‘ई’ भरपूर येते आणि ते स्नायूंच्या पेशीपटलात बसून हे ऑक्सिडीकरण रोखते, शिवाय मांसाचा लाल रंग तपकिरी होण्यासही उशीर लावते. वाळलेल्या चाऱ्यात आणि धान्यात हे जीवनसत्त्व फारसे उरत नाही, म्हणून धान्यावर पोसताना ते वरून दिले जाते. खरा धोका आहे तो जवसासारखे तेलबी भरपूर खाऊ घालून जीवनसत्त्व ‘ई’ कडे दुर्लक्ष करण्यात.

चरबीचा घट्टपणाही खाद्यावरच ठरतो. दीर्घकाळ धान्यावर पोसलेल्या जनावरात ओलेइक आम्ल हे मऊ असंपृक्त मेदाम्ल वाढते आणि चरबी मऊ, लवकर वितळणारी होते. सरकी मात्र उलटे करते: तिच्या तेलातली काही विशिष्ट मेदाम्ले स्टिअरिक आम्ल या कडक संपृक्त मेदाम्लाचे ओलेइकमध्ये रूपांतर करणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) अडवतात, त्यामुळे चरबी कडक होते.

तुमच्यापुरते सांगायचे तर रंगापेक्षा वासावर विश्वास ठेवा. चरबीचा लहान तुकडा कोरड्या तव्यावर तापवून पाहा. गवतावरच्या मांसाचा किंचित रानवट वास नैसर्गिक आहे, परंतु जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला तर ते वापरू नका. खिम्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे, कारण दळताना त्यात हवा मिसळते आणि फ्रीझरमध्येही ऑक्सिडीकरण पूर्ण थांबत नाही.